कार्यालयातील अँटिव्हायरसचे नूतनीकरण करावे का?

सचिव:
सर्व सभासदांस नमस्कार. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर असलेल्या अँटिव्हायरसची मुदत या महिनाअखेरीस संपत आहे. गेली अकरा वर्षे आपण तोच प्रोग्रॅम न चुकता घेत आलो, कारण सुरुवातीला आपल्यातल्याच जाणकारांनी एकमुखाने त्याची शिफारस केली होती. गेल्या वर्षभरात मात्र व्यवस्थापकांकडून वारंवार तक्रारी येत आहेत. संगणक सुरू झाल्यावर बराच वेळ अडखळतो, हिशेबाचे काम चालू असताना नवी सेवा घेण्याचा आग्रह करणाऱ्या सूचना पडद्यावर येतात, आणि दर आठवड्याला "शेकडो समस्या आढळल्या" असे सांगून त्या दूर करण्यासाठी वेगळे पैसे मागितले जातात. प्रोग्रॅम पूर्वीसारखा राहिलेला नाही असे काहींचे म्हणणे आहे. रविवारच्या समिती बैठकीपूर्वी सभासदांनी आपले मत कारणांसह कळवावे, ही विनंती.

क-१०१:
माझ्या घरच्या संगणकावरही तोच आहे आणि अनुभवही तोच आहे. बदलावा असे माझे मत आहे, पण बदलून कोणता घ्यावा हे मला सांगता येणार नाही.

अ-५०२:
मला घाई योग्य वाटत नाही. अकरा वर्षांत कार्यालयाच्या संगणकात एकदाही व्हायरस शिरला नाही. जे नीट चालले आहे ते केवळ चार सूचनांचा त्रास होतो म्हणून काढून टाकणे शहाणपणाचे नाही. संस्थेचे सर्व हिशेब त्या एका संगणकावर आहेत, हे कृपया लक्षात घ्यावे.

ब-३०२:
सचिवसाहेब, अकरा वर्षांपूर्वी शिफारस करणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येते. नोकरीच्या काळात मी कार्यालयांतील संगणकांची देखभाल केली आहे आणि हा विषय तेव्हापासून जवळून पाहत आलो आहे.

दर्जा घसरला असे म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत आहोत. घातक फाइल ओळखून अडवण्याचे कसब ही एक गोष्ट, आणि तो प्रोग्रॅम आपल्या संगणकावर राहून आपल्याशी कसा वागतो ही दुसरी. माझ्या मते पहिल्या बाबतीत हा प्रोग्रॅम अकरा वर्षांपूर्वीपेक्षा वाईट झालेला नाही. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन स्वतंत्र प्रयोगशाळा अशा प्रोग्रॅमची नियमित परीक्षा घेतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकावर पडणारा भार आणि वापरातील सुलभता या तीन बाबींना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते, आणि सुलभतेत चांगल्या फाइलला चुकून घातक ठरवण्याचे प्रमाणही मोजले जाते. नावाजलेले बहुतेक प्रोग्रॅम या परीक्षेत आज जवळपास पूर्ण गुण मिळवतात. पण काम चालू असताना पडद्यावर किती जाहिराती आल्या, मुदतवाढ न विचारता झाली का, गोळा केलेल्या माहितीचे पुढे काय केले, यांसाठी त्या परीक्षेत गुण नाहीत, आणि आपली सगळी नाराजी नेमकी याच गोष्टींबद्दल आहे.

हे वागणे का बदलले, याचे कारण प्रोग्रॅमच्या आत शोधून सापडणार नाही. एके काळी विंडोजमध्ये व्हायरसविरुद्ध स्वतःचे असे संरक्षण नव्हते, त्यामुळे अँटिव्हायरस बाहेरून आणावाच लागे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स हा मोफत प्रोग्रॅम दिला आणि २०१२ मध्ये विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजचाच भाग झाला. सुरुवातीला त्याची गुणवत्ता यथातथाच होती. २०१२ मध्ये तर सिक्युरिटी इसेन्शियल्सला एव्ही-टेस्टचे प्रमाणपत्रही मिळाले नव्हते, म्हणून आम्ही पुढे बाहेरचा प्रोग्रॅम सुचवला आणि तो सल्ला त्या वेळी बरोबरच होता. पुढील काही वर्षांत डिफेंडर सुधारत गेला आणि त्याच परीक्षांत वरच्या श्रेणीत येऊ लागला. ज्या वस्तूसाठी लोक पैसे मोजत होते ती विंडोजबरोबरच मिळू लागल्यावर अँटिव्हायरस कंपन्यांपुढे विकायचे काय हा प्रश्न उभा राहिला. मग संगणक वेगवान करणारी साधने, इंटरनेटवरील वावर इतरांपासून झाकणारी व्हीपीएन सेवा, पासवर्ड सांभाळणारी सेवा, ओळख चोरीविरुद्धची सेवा अशी एकेक जोड येत गेली, आणि ती विकण्यासाठी सर्वांत सोयीची जागा होती आपल्या पडद्याचा उजवा खालचा कोपरा.

यातील सर्वांत गंभीर उदाहरण सार्वजनिक नोंदींतले आहे आणि मला ते येथे सविस्तर सांगावेसे वाटते. अवास्ट या प्रोग्रॅमचा जन्म १९८८ मध्ये प्राग येथे झाला. पावेल बाउडिश यांनी व्हिएन्ना नावाच्या व्हायरसचा अभ्यास करून त्याला निष्प्रभ करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि एदुआर्द कुचेरा यांना सोबत घेऊन त्यातून कंपनी उभी केली. २००१ मध्ये त्यांनी घरगुती वापरासाठी मोफत आवृत्ती दिली आणि जगभरातील कोट्यवधी लोकांनी ती विश्वासाने वापरली. आमच्या क्षेत्रातील कितीतरी जणांनी ओळखीच्या लोकांच्या संगणकांवर स्वतःच्या हाताने ती बसवली आहे. पुढे या कंपनीने जम्पशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती इतर कंपन्यांना विकली. डिसेंबर २०१९ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने अवास्ट आणि तिच्याच मालकीच्या एव्हीजी या अँटिव्हायरसची ब्राउझर एक्स्टेन्शने, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधने, आपल्या संग्रहातून काढली. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी विक्रीचे तपशील उघड केले आणि त्याच महिनाअखेरीस जम्पशॉट बंद झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाच्या म्हणण्यानुसार २०१४ पासूनची ८ पेटाबाइटहून (एक पेटाबाइट म्हणजे सुमारे दहा लाख गिगाबाइट) अधिक माहिती तेथे साठलेली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले आणि जाहिरातीसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. या साऱ्या काळात तो प्रोग्रॅम व्हायरस उत्तम पकडत होता आणि प्रयोगशाळांत चांगले गुणही मिळवत होता. घराची राखण करायला ठेवलेल्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही शेजारी विकावी, तसे हे झाले. चोर त्याने अडवले असतीलही, पण त्याला पुन्हा दारात उभे करण्याचे धैर्य मला होत नाही.

नाव बदलून सुटका होईल असे वाटत असेल, तर मालकी कोणाची हेही पाहावे लागते. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. नॉर्टन या अँटिव्हायरसच्या कंपनीने २०२१ च्या सुरुवातीला अविरा हा आणखी एक अँटिव्हायरस घेतला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अवास्टही तिच्यात विलीन झाली. जेन डिजिटल या नावाखाली आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे एकत्र आहेत. दुकानात चार वेगळे खोके दिसले तरी निर्णय घेणारे घर एकच असू शकते.

अ-५०२ मधील काकांनी मांडलेला मुद्दा मी हलका मानत नाही. परंतु अकरा वर्षांत व्हायरस आला नाही, एवढ्यावरून तो या प्रोग्रॅमने अडवला असे सिद्ध होत नाही. विंडोजचे अपडेट, ब्राउझरचे संरक्षण, ईमेल सेवेची चाळणी आणि व्यवस्थापकांची सावधगिरी यांपैकी कशाने किती काम केले हे त्यातून कळत नाही. प्रोग्रॅममध्ये अडवलेल्या फाइलींची नोंद असते. व्यवस्थापकांनी ती उघडून गेल्या दोन वर्षांत खरोखर काय अडवले ते बैठकीत मांडावे.

ड-४०३:
काका, एक शंका आहे. दर आठवड्याला ज्या शेकडो समस्या दाखवल्या जातात, त्या खोट्या आहेत असे आपले म्हणणे आहे का? माझ्या आईला तसा आकडा दिसला की ती घाबरते आणि पैसे भरून मोकळी होते.

ब-३०२:
ताई, त्या अगदीच खोट्या नसतात, पण त्यांना समस्या म्हणणे दिशाभूल करणारे आहे. ब्राउझरच्या कुकीज (संकेतस्थळांनी संगणकावर ठेवलेल्या छोट्या नोंदी), तात्पुरत्या फाइली, काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या मागे राहिलेल्या नोंदी अशा निरुपद्रवी गोष्टी मोजून तो आकडा तयार होतो. कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. तात्पुरत्या फाइली विंडोजमधील स्वच्छतेच्या सोयीने विनामूल्य काढता येतात, आणि त्या राहिल्या तरी संगणक असुरक्षित होत नाही. आईंना एवढेच सांगावे की "धोका" असा स्पष्ट शब्द आणि त्याबरोबर विशिष्ट फाइलचे नाव दिसले, तरच काळजी करावी आणि तेव्हाही पैसे भरण्याआधी आपल्याला विचारावे.

भूतकाळही आपण समजतो तितका निर्दोष नव्हता, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने विंडोज एक्सपीची युझर३२ ही अत्यावश्यक फाइल घातक ठरवली होती. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने एक्सपीमधील एसव्हीसीहोस्ट या फाइलवर तसाच आरोप केला आणि अनेक देशांतील संगणक पुन्हा पुन्हा बंद-सुरू होत राहिले. नॉर्टन तर २००० च्या दशकाच्या मध्यात संगणक मंदावणारा म्हणून ओळखला जाई, आणि २००९ च्या आवृत्तीत त्यांनी तो मुळापासून हलका केला. म्हणजे एखादा प्रोग्रॅम बिघडून पुन्हा सुधारू शकतो. यामुळेच "पूर्वी सारे चांगले होते" या आठवणीवर निर्णय घेऊ नये, आजची स्थिती पाहून घ्यावा.

अ-५०२:
तुमचे विवेचन पटले, पण मग डिफेंडरवर पूर्ण विसंबावे असे सुचवता का? जे विंडोजबरोबर सर्वांना मिळते, ते फोडण्याचा प्रयत्नही सर्वच चोर करणार.

ब-३०२:
काका, ही शंका रास्त आहे. व्हायरस लिहिणारा आपला प्रोग्रॅम डिफेंडरसमोर तपासून पाहतोच, आणि इंटरनेट बंद असताना डिफेंडरची ओळखण्याची क्षमता कमी होते, कारण त्याचा बराच निर्णय दूरच्या सर्व्हरवर होतो. तरीही आपल्या कार्यालयासारख्या ठिकाणी, जेथे एक संगणक, एक व्यवस्थापक आणि कायम जोडलेले इंटरनेट आहे, तेथे तो पुरेसा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक कर्मचारी असलेली आणि ग्राहकांची गोपनीय माहिती सांभाळणारी मोठी संस्था असती, तर मी केंद्रीय नियंत्रण असलेली वेगळी व्यवस्था सुचवली असती.

मला खरी चिंता वेगळीच आहे. आपला संगणक अजून विंडोज १० वर आहे आणि त्या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो १२ मे रोजी, आणि ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. ज्यांनी दोन महिन्यांत तो बसवला होता त्यांच्याकडे त्या वाटेने शिरकाव झाला नाही. अपडेटच न मिळणाऱ्या विंडोजवर कितीही महागडा अँटिव्हायरस बसवला, तरी भिंतीतले भगदाड तसेच ठेवून दाराला नवे कुलूप लावल्यासारखे होईल. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. आपला संगणक त्यात बसतो का, हे व्यवस्थापकांनी मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या साधनाने तपासावे. बसत नसेल, तर नूतनीकरणाची रक्कम नव्या संगणकाकडे वळवावी.

दुसरे म्हणजे हिशेबांची प्रत. ती सध्या त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवली जाते. खंडणीखोर व्हायरस जोडलेले सर्व ड्राइव्ह कुलूपबंद करतो, त्यामुळे अशी प्रत असून नसल्यासारखी आहे. दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क काढून खजिनदारांच्या कपाटात ठेवावी, आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाइल उघडून पाहावी.

ड-४०३:
मला आणखी एक सांगायचे आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना फोन आला आणि समोरच्याच्या सांगण्यावरून त्यांनी दुरून संगणक चालवता येणारा प्रोग्रॅम स्वतःच बसवला. अँटिव्हायरस चालू होता, पण त्याने काहीच अडवले नाही. याला त्याचा दोष म्हणावे का?

ब-३०२:
नाही, ताई. तो प्रोग्रॅम मुळात वैध कामासाठी बनवलेला असतो आणि मालकाने स्वतः परवानगी दिलेली असते, त्यामुळे अँटिव्हायरसला त्यात घातक असे काही दिसत नाही. आजच्या कितीतरी फसवणुकी याच वाटेने होतात. कार्यालयापुरते सांगायचे, तर व्यवस्थापकांच्या रोजच्या वापराच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत. नवा प्रोग्रॅम बसवताना पासवर्ड सचिवांकडून घ्यावा लागला, की फोनवरच्या माणसाच्या घाईला तेथेच खीळ बसते.

सचिव:
सर्वांचे मनापासून आभार. बैठकीत नूतनीकरण न करण्याचा ठराव मांडतो. ब-३०२ मधील काकांनी प्रोग्रॅम काढण्याचा क्रम लिहून द्यावा, म्हणजे मधल्या काळात संगणक उघडा राहणार नाही.

ब-३०२:
सर्वांत आधी कंपनीच्या खात्यात जाऊन आपोआप होणारी मुदतवाढ बंद करावी आणि तशी पोच ईमेलने घ्यावी, कारण प्रोग्रॅम काढल्याने ती थांबत नाही. नंतर हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग विंडोजच्या सेटिंग्जमधून प्रोग्रॅम काढून, मागे काही राहू नये म्हणून त्याच कंपनीचे काढून टाकण्याचे वेगळे साधन चालवावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. बाहेरचा अँटिव्हायरस निघाला की डिफेंडर स्वतःहून कामाला लागतो, तरीही विंडोज सिक्युरिटी उघडून तो चालू असल्याची खात्री करावी. तेथेच कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस ही, निवडलेल्या फोल्डरमधील फाइली अनोळखी प्रोग्रॅमला बदलू न देणारी सोय असते. ती मुळात बंद असते, ती चालू करून हिशेबांचा फोल्डर तिच्यात घालावा आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमला परवानगी द्यावी, अन्यथा पावत्या साठवताना अडथळा येईल. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी स्वतः कार्यालयात येतो. अ-५०२ मधील काकांनीही यावे, अशी माझी विनंती आहे, म्हणजे अडवलेल्या फाइलींची नोंद आपण दोघे मिळून पाहू आणि मगच प्रोग्रॅम काढू.

अ-५०२:
येतो. ती नोंद कागदावर छापून ठेवावी, म्हणजे बैठकीत सर्वांना पाहता येईल.