मनोनाट्यातील ‘डबल’विषयी थोडे

मनोनाट्य (सायकोड्रामा), म्हणजे मनातले प्रसंग अभिनयातून साकारत केलेला मानसोपचार, हा केवळ भूमिकांची अदलाबदल आहे, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. मनोविकारतज्ज्ञ याकोब मोरेनो यांनी व्हिएन्नात सुरू करून १९३६ पासून न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे विकसित केलेल्या या पद्धतीत ‘डबल’, म्हणजे एखाद्याच्या मनातले दुसऱ्याने त्याच्या वतीने बोलून दाखवणे, हे तंत्रही तितकेच महत्त्वाचे आहे. समजा, आईवर रागावलेली मुलगी आईची जागा म्हणून ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीसमोर गप्प बसली आहे, तिच्या मागे तिच्यासारखेच खांदे पाडून उभी असलेली सहकारी तिच्या वतीने म्हणते, “मला तुझी आठवण येते, पण सांगायची भीती वाटते.” पटले तर मुलगी ते स्वतःच्या शब्दांत सांगते, न पटल्यास दुरुस्त करते. ही दुरुस्तीची मुभा मला फार मोलाची वाटते, कारण तिच्या मनाविषयीचा अंतिम शब्द तिचाच राहतो. त्यानंतर आईच्या खुर्चीत बसून उत्तर देणे तिला सोपे जाते. शेवटी हे पाहणाऱ्या गटाने सल्ला न देता स्वतःचे अनुभव सांगायचे असतात.