मदत हवी आहे: हायवेवरच्या फ्लेक्सला मराठी अक्षर किती इंच ठेवू?

पारोळ्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आमचं हॉटेल आहे. शेवभाजी आणि हिवाळ्यात भरीत-कळण्याची भाकरी. धुळ्याकडून येणाऱ्यांसाठी हॉटेलच्या तीनशे मीटर अलीकडे, डाव्या हाताला आमच्याच शेतात २० बाय १० फुटांचा फ्लेक्स लावायचाय. परवानगीचं बघितलंय, तो प्रश्न नाही. लाइट नाही, दिवसा दिसला तरी पुरे.

ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. वाचायला पाच सेकंद धरले तर ११० मीटरवरून, म्हणजे साधारण ३६० फुटांवरून दिसायला हवं. दर ३० फुटांना १ इंच या हिशोबाने अक्षर १२ इंच येतं. पण हा हिशोब इंग्रजी अक्षरांचा! आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ‘शेवभाजी’ पूर्ण उंचीत १२ इंच बसवलं की मूळ अक्षर बारीक होतं.

मेनू, फोन नंबर, मालकाचा फोटो (काकांचा रुसवा पत्करून) काढून टाकलाय. उरलं ‘शेवभाजी’, ‘३०० मीटर’ आणि डावा बाण. पिवळ्यावर काळं ठरलंय. लाल-हिरवं करून पाहिलं, मोबाइलवर लहान करून बघितलं तर सगळं एक होतं. फ्लेक्सवाला कलमी वळणाचा जाड फॉन्ट सुचवतो, पण त्यात ‘भ’ची पोकळी बुजते असं मला वाटतं. फलक रस्त्याकडे थोडा वळवता येईल, उंची मात्र वाढवता येणार नाही, वैशाखातला वारा टिकू देत नाही.

ज्यांनी असे फलक केलेत त्यांनी सांगा: १२ इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरायचे की मात्रांसकट? आणि सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या असलेला कुठला फॉन्ट लांबून मोकळा दिसतो?