लेकीला टाइप वन डायबेटिस आहे, घरचे म्हणतात झाडपाल्याचं औषध देऊन बघ. आशा नक्की कशावर ठेवू?

सोलापूरकडची_आई

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक नऊ वर्षांची, चौथीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सारखी पाणी पाणी करायची, रात्री उठून उठून लघवीला जायची आणि एवढं खाऊनपिऊन वजन मात्र उतरत चाललं होतं, आम्हाला वाटलं ऊन बाधलं असेल. मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला आणि थेट आयसीयू. शुगर ५०० च्या वर. टाइप वन निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं आणि बोटं टोचणं चालू आहे.

आता झालंय असं की सुरुवातीला दिवसाला २२ युनिट इन्सुलिन लागायचं ते कमी कमी होत ९-१० वर आलंय. डॉक्टर म्हणाले काही महिने असं होतं, हुरळून जाऊ नका. पण घरात सगळ्यांना वाटतंय की ती बरी होत चाललीय. सासूबाईंच्या माहेरकडं एक जण पाल्याचं औषध देतात, पण ते घ्यायचं तर इन्सुलिन पूर्ण बंद करावं लागतं म्हणे. मोठे दीर म्हणतात तू आधीच नाही म्हणून बसलीस, जरा पॉझिटिव्ह राहा, एकदा देऊन बघायला काय जातंय. नवऱ्याचं धड हो नाही आणि धड नाहीही नाही. मी नको म्हटलं की मीच घरात निगेटिव्ह ठरते. हे सगळं लेकीच्या देखत चालतं, परवा तीच विचारते, "आई, मी बरी व्हायला तुला नको आहे का?" काय उत्तर देऊ सांगा.

औषध द्यायचं नाही एवढं माझं पक्कं आहे. पण "हे आयुष्यभर राहणार" हे एकदा मान्य केलं की मग मी आशा तरी कशाची धरायची? आणि गणपतीत सगळं घर गोळा होणार, विषय निघणारच, तेव्हा भांडण न करता कसं बोलू?

सातवीपासून_टाइपवन

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. इन्सुलिन बंद करायचं नाही. एक दिवस पण नाही, कुणी कितीही मोठं माणूस सांगू दे. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं की काही तासांतच रक्तात आम्ल साठायला लागतं आणि तुम्ही मे महिन्यात जे बघितलं तेच परत होतं, आणि दर वेळी वेळेवर दवाखाना गाठता येईलच असं नाही.

डोस कमी झालाय त्याला डॉक्टर लोक हनिमून फेज म्हणतात. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणजे हे गोड खाऊन झालेलं नाही आणि तुमच्या कुठल्या चुकीने तर अजिबात नाही. निदान होतं तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात, बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांच्यावरचा ताण हलका होतो आणि त्या काही दिवस पुन्हा काम करायला लागतात. कुणाचं हे काही आठवडे टिकतं, कुणाचं वर्षभर, मग डोस परत वाढतो. नेमका ह्याच काळात कुणी पाला दिला की श्रेय पाल्याला जातं, आणि "अमक्याचा मुलगा बरा झाला" ह्या ज्या गोष्टी कानावर येतात त्यातल्या बऱ्याच इथूनच सुरू होतात. पुढे त्या मुलाचं काय झालं ते मात्र सांगायला कुणी येत नाही.

आता आशेचं. मी सातवीत असल्यापासून इन्सुलिनवर आहे, आज नोकरी आहे, लग्न झालंय, मुलगी आहे, दरवर्षी मित्रांबरोबर एखादा किल्ला चढतो. मला मागच्या काळातली एक गोष्ट फार धीर देते ती सांगतो. एलिझाबेथ ह्यूज म्हणून एक अमेरिकन मुलगी होती, १९१९ मध्ये अकराव्या वर्षी तिला हा आजार झाला. तेव्हा इन्सुलिन नव्हतंच, अगदी मोजकं खायला देऊन मुलांना उपाशी ठेवायचे, तेवढेच दिवस वाढायचे. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरंटोला, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंगकडे नेलं तेव्हा वजन जेमतेम २० किलो होतं. इन्सुलिन सुरू झालं, मुलगी भरली, शिकली, लग्न केलं, तीन मुलं झाली आणि १९८१ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी गेली. तिच्याकडे ग्लुकोमीटर नव्हता, इन्सुलिनचं पेन नव्हतं, शुगर सांगणारा सेन्सर नव्हता. तुमच्या लेकीकडे ह्यातलं बरंच काही आहे. बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो, आपल्याकडे तोच बालदिन. लेकीला ही गोष्ट नक्की सांगा.

काउंटरमागचा

माझं मेडिकलचं दुकान आहे, नगर जिल्ह्यात. वरच्या दादांनी सांगितलं ते सगळं बरोबर, मी दुसऱ्या बाजूने सांगतो कारण घरात आता "बरं, इन्सुलिन चालू ठेवून सोबत तरी दे" असा मधला मार्ग निघेल बघा. त्यालाही नाहीच म्हणा. अशा पुड्यांमध्ये काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि साखर उतरवणाऱ्या साध्या अ‍ॅलोपॅथिक गोळ्या कुटून घातलेल्या पुड्या तपासणीत सापडलेल्या आहेत. इन्सुलिन आणि वरून ती गोळी असं नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटात गेलं तर रात्री झोपेत शुगर एकदम खाली जाऊ शकते.

ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ चा आहे, त्यात ज्या आजारांवर खात्रीशीर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत मधुमेह आहे. हे दिरांना सांगा, पण कायदा दाखवून धमकावल्यासारखं नको.

त्यांना एवढंच म्हणा की भाऊजी, मी नवीन काही ऐकायला कधीच नाही म्हणत नाही. त्या माणसाने बरा केलेला टाइप वनचा एक पेशंट दाखवा, ज्याला सुरुवातीला टाइप वनच होता असा रिपोर्ट आहे आणि जो दोन वर्षं इन्सुलिनशिवाय आहे आणि सी-पेप्टाइड चांगला आहे. सी-पेप्टाइड म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी. बहुतेक वेळा उदाहरण निघतं ते टाइप टू चं, साठीतल्या काकांचं, ज्यांनी वजन कमी केलं आणि गोळ्या सुटल्या. तो आजारच वेगळा. हे ज्याला नीट समजलं तो माणूस सहसा हट्ट सोडतो, मी दुकानात कितीदा तरी बघितलंय.

आणि खरंखुरं नवीन येतंय त्यावर लक्ष ठेवाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली, ज्यांना हा आजार होणार अशी लक्षणं रक्तात दिसतात त्यांच्यात तो साधारण दोन वर्षं पुढे ढकलला जातो. तुमच्या लेकीला त्याचा आता उपयोग नाही, पण हा आजार पुढे ढकलता येतो हे शंभर वर्षांत पहिल्यांदा झालंय. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीरात बसवण्याचं संशोधन पण जोरात चालू आहे. ती नऊ वर्षांची आहे, तिच्या पुढे खूप काळ आहे.

माई_वाईकर

मी सासूच्या वयाची आहे म्हणून चार शब्द. बाळ, तुझ्या सासूबाई वाईट नाहीत ग, घाबरल्यात. आमच्या पुतण्याच्या मुलाला हेच आहे, त्यामुळे जवळून पाहिलंय. नातवंडाला टोचताना बघणं फार कठीण असतं, आणि घरात सगळी कामं आईच्या हातात, आजीने नुसतं बघत बसायचं. मग ती देवाला नवस बोलते, पाला आणते, तिच्या हातात दुसरं काय आहे? तर तिला काहीतरी काम दे. आमच्या वहिनींना डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात वजनकाटा दिला आणि एका फुलक्याला साधारण १५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) धरायचे, भाकरीला तिच्या जाडीप्रमाणे जास्त, असं समजावलं. आता नातवाची भाकरी त्याच तोलतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. नवस बोलल्या असतील तर फेडू दे. इन्सुलिनला हात लागत नाही तोवर त्याने काही बिघडत नाही.

लेकीच्या प्रश्नाचं म्हणशील तर तिला खरं सांग. "मला तू बरी व्हायला हवीच आहेस, पण त्या औषधाने तू बरी होणार नाहीस म्हणून मी नको म्हणते." नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं.

ठाण्याची_प्राची

माईंचं पटलं पण सासूबाईंच्या आधी नवऱ्याला घेऊन जा डॉक्टरकडे, एकटीच जात असशील तर हे सगळं पसरणारच. तो घरी येऊन स्वतःच्या तोंडाने "इन्सुलिन बंद होणार नाही" म्हणाला की अर्धा विषय मिटला, सून म्हणाली की वाद होतो मुलगा म्हणाला की निर्णय होतो, वाईट आहे पण आहे तसं. माझा मुलगा सहावीत आहे, त्याला हा आजार पहिलीत झाला. पहिलं वर्ष सगळ्यात जड गेलं आम्हाला. आणि कुणी आत्तापासून मुलीच्या लग्नाचं काढलं तर तिथेच थांबव, आजार लपवायची सवय तिला लावू नकोस, शाळेत लपवून ठेवलं आणि शुगर खाली गेली तर शेजारच्या बाकावरच्या मुलीला पण काही कळणार नाही.

सोलापूरकडची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. माई, तुमचं वाचून रडू आलं, सासूबाईंच्या बाजूने मी असा विचारच केला नव्हता. ह्यांना पण सगळे रिप्लाय वाचायला दिले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पुढच्या तारखेला मी सुट्टी टाकतो, आईला पण घेऊ. भाऊजींशी पण तेच बोलणार आहेत. एलिझाबेथची गोष्ट लेकीने दोनदा सांगायला लावली, आणि वीस किलो म्हणजे माझ्यापेक्षा पण कमी ना, असं विचारत होती.

एक अजून विचारते. शाळेत बाईंना डायबेटिस आहे एवढंच माहीत आहे. नक्की काय काय सांगून ठेवू? पीटीच्या तासाला मला फार भीती वाटते.

सातवीपासून_टाइपवन

पीटी बंद करू नका ताई. वसीम अक्रमला १९९७ मध्ये डायबेटिस निघाला, त्यानंतर तो २००३ च्या वर्ल्डकपपर्यंत खेळला आणि त्याच वर्ल्डकपमध्ये वनडेत ५०० विकेट पूर्ण केल्या. टेनिसमधला झ्वेरेव्ह लहानपणापासून टाइप वन आहे, टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्णपदक आहे त्याच्याकडे.

बाईंना एका कागदावर मराठीत लिहून द्या, दोन्ही फोन नंबर आणि डॉक्टरांचा नंबर वर. पीटीच्या आधी शुगर मोजायची, कमी असेल तर काहीतरी खाऊन मग मैदानात, किती खायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. हातपाय थरथरणं, घाम, एकदम चिडचिड किंवा गप्प होणं, असं काही दिसलं तर शुगर ७० च्या खाली असू शकते, मोजायला वेळ लागत असेल तर मोजत बसू नका, लगेच ग्लुकोज किंवा साखरपाणी द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि तेवढा वेळ तिला एकटीला कुठेही पाठवायचं नाही, टॉयलेटला पण नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि थेट दवाखाना. ग्लुकोजची एक पुडी दप्तरात, एक बाईंच्या कपाटात, एक पीटीच्या सरांकडे. वर्गात मध्येच खायला आणि लघवीला जायला परवानगी लागेल तेही लिहा. आणि तिच्या दोन मैत्रिणींना हे सगळं तिलाच समजावून सांगू दे, मोठ्यांपेक्षा त्यांचंच लक्ष जास्त असतं.