कंटाळा पेनांचा की धुण्याचा?
शाईच्या पेनांचा संग्रह करून कंटाळा आला, तर सगळी पेने विकून एकच ठेवावे म्हणजे मन शांत होते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. खरेदीचा सोस आवरायला हवा यात शंका नाही. पण मला आलेला कंटाळा पेनांच्या संख्येचा नव्हता, एकाच वेळी सात-आठ पेने भरून ठेवण्याचा होता. टोपण लावलेले असले तरी शाईतले पाणी हळूहळू उडत राहते, घट्ट झालेली शाई जिभेच्या, म्हणजे निबेखालच्या शाई वाहून आणणाऱ्या भागाच्या, बारीक खाचांत बसते आणि रविवारची सकाळ लिहिण्याऐवजी निबा धुण्यात जाते.

आता मी आंध्रातल्या राजमहेंद्रीचे, ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे, एबोनाइटचे (कडक रबराचे) एकच पेन भरतो आणि भरल्याची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. त्याच्या नळीत सुमारे अडीच मिली शाई मावते व रोज दीड-दोन पाने लिहून ती मला 19 दिवस पुरली. या हिशेबाने 60 मिलीची एक दौत सव्वा वर्ष चालेल, आणि माझ्या कपाटात अशा 11 दौती आहेत. हा आकडा स्वतःच्या हाताने मांडल्यापासून नव्या शाईची जाहिरात पाहून हात शिवशिवत नाही. नळीत पाव भाग शाई उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेवर टपोरा थेंब जमतो. तो दिसला की उरलेली शाई लिहून संपवायची, पेन धुवायचे आणि मगच दुसरे निवडायचे.