दिवाळी अंक ग्रुप : सायलीच्या गोष्टीबद्दल

अशोककाका (संपादक): सायली, गोष्ट काल रात्री एका बैठकीत वाचली. अंकात घेतोच आहोत. पण १४ पानं होतायत, आणि एकदोघांना शेवट पटलेला नाही. इथेच बोलूया.

शुभांगी: मी त्यातली एक. प्रेमकथेला माझी ना नाही. पण रेवा वसाहतीच्या फाटकावर नोकरीला आहे आणि रूप बदलणाऱ्यांना वाचवायला खोट्या नोंदी करते. आपली मुलं हा अंक वाचतात गं.

ओंकार: ताई, माझी वेगळी शंका. केशव माणसाची चिमणी होतो, मग त्याचे ६१ किलो जातात कुठे? समुद्रातलं माकूल डोळ्यांदेखत रंग बदलतं, कारण त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात आणि भोवतीचे स्नायू त्या ताणतात. कातडीवर खडबडीत उंचवटेसुद्धा आणतं. वजन मात्र तेवढंच राहतं.

सायली: ओंकार, चिमणी काढली! चेहरा बदलेल, वजन नाही. मग फाटकावर वजनकाटा हवाच, आणि त्यावर रेवा. रोज नवा माणूस येतो, काटा रोज ६१ दाखवतो. ती त्याला आकड्यावरून ओळखायला लागते.

ओंकार: मग तो उपाशी असेल तेव्हाही तिला कळेल. ६० भरेल.

सायली: हे घेतेच.

मालतीआजी: आमच्या गावाला बहुरूपी यायचा. एकदा फौजदार होऊन आला आणि वडिलांच्या नावाचं वॉरंट काढलं, आई खरोखर रडायला लागली. मग हसून त्यानं कुणाच्या तरी खोट्या लग्नाचं आमंत्रण दिलं. आई सूपभर जोंधळे घालायची. पण त्याच्या पालावर आम्हाला जाऊ देत नसत. एका वर्षी गावात चोरी झाली, माणसं आधी त्याच्याच पालावर गेली. काही सापडलं नाही. तो पुन्हा आला नाही.

सायली: आजी, माझी वसाहत अशाच गोष्टींतून आली. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो देशभर पसरला. जन्माला आलं की गुन्हेगार. ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, ३१ ऑगस्टला. शुभांगीताई, रेवा ज्या वहीत खोटं लिहिते ती हजेरीची वही आहे. खरं लिहिलं तर आक्काच्या घरातली अकराच्या अकरा माणसं उचलून नेतील.

शुभांगी: अकरा जणांत कुणीच रक्ताचं नाही ना?

सायली: कुणीच नाही. आक्कानं एकेकाला रस्त्यावरून आणलंय. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं घेऊन फिरतात, जेवताना मात्र प्रत्येकानं स्वतःच्या चेहऱ्यानं पानावर बसायचं, हा तिचा नियम.

शुभांगी: ते पान मी दोनदा वाचलं. कालपासून मला राईनपाडा आठवतंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारले. अफवा अशाच ग्रुपांवरून फिरल्या होत्या. गेल्या महिन्यात आपल्याकडे ‘यांना आत घेऊ नका’ म्हणून एक फोटो आला होता, तो मीही पुढे पाठवला. कोण होते ते, विचारलंसुद्धा नाही. सायली, शेवट आहे तसाच ठेव.

अशोककाका: १४ पानं राहू देत. माझं प्रवासवर्णन पुढच्या वर्षी घेऊ.

सायली: आजी, त्या लग्नाच्या आमंत्रणात तो काय काय म्हणायचा? केशवनं रेवाला तसंच विचारावं असं वाटतंय.

मालतीआजी: संध्याकाळी घरी ये. ते लिहून कळायचं नाही, चालीवर म्हणावं लागतं.