मे महिन्यात केळीची पानं दुपारी मिटतात, पाणी वाढवायचं का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

तापीकाठ: रावेर तालुका, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी), ग्रँड नैन वाण, आठवा महिना. अंतर ६ × ५ फूट, जमीन भारी काळी. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, सध्या सलग ५ तास चालू. पारा ४४ च्या वर. अकरा वाजले की पानाच्या दोन्ही बाजू पानशिरेपासून खाली दुमडतात. खालची पानं कडेने पिवळी पडताहेत. ७ तास करू का?

वाफसा: नको. ५ तासच जास्त होताहेत. हिशोब करा: बाष्पीभवन पात्रात (पाणी किती उडतं ते मोजायचं उघडं भांडं) दिवसाला १२ मिमी घट धरली, तर १२ × ०.७ (पात्र गुणांक) × १.१ (वाढलेल्या बागेचा पीक गुणांक) म्हणजे साधारण ९.२ मिमी. झाडाच्या वाट्याला २.८ चौरस मीटर जागा आणि १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. आले साधारण २६ लिटर. तुम्ही ४० देताय.

भारी जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा जाते. मुळांनाही श्वास लागतो. प्राणवायू नसला की ती पाणी ओढत नाहीत आणि ओल्या रानात झाड सुकल्यासारखं दिसतं. खोडापासून फूटभर अंतरावर फूटभर खोल उकरा. मातीचा गोळा दाबल्यावर पाणी सुटलं तर वाफसा (ओल आहे पण हवाही खेळते अशी स्थिती) नाही. गोळा होऊन कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर ठीक. मूळ पांढरं हवं. तपकिरी असेल, साल ओढताच सुटून आत दोरा उरत असेल, तर ते मूळ गेलं.

पानशिर: पान मिटणं हा आजार नाही. केळीची बहुतेक पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) पानाच्या खालच्या बाजूला असतात, वरच्या बाजूला फार कमी. पानशिरेच्या दोन्ही अंगांना फिकट पट्टी दिसते ना, तिथल्या पेशींतला पाण्याचा दाब उतरला की पान छपरासारखं खाली वळतं. ऊन तिरपं पडतं आणि रंध्रांची बाजू आत झाकली जाते. हवा फार कोरडी झाली की रंध्रंही मिटतात. मुळाशी पाणी कितीही असो. म्हणून दुपारी पाणी वाढवून पान उघडत नाही. पण रंध्रं मिटली की कर्बवायू आत येत नाही आणि पानाचं तापमानही चढतं. त्या उन्हात झाडाचं खरं काम सकाळीच उरकतं.

पान पाहायचं ते पहाटे. तेव्हा ताठ असेल, कडेला दवासारखे थेंब असतील, तर झाडाला पाणी पुरतंय. पहाटेही मिटलेलं असेल तर मात्र ओल आणि मुळं लगेच तपासा.

तापीकाठ: पहाटे निम्मी झाडं ढिलीच. उकरलं, वास कुबट येतोय.

वाफसा: मग पिवळेपणाचं कारण तेच. ठिबक बंद ठेवा. वरची वीतभर माती हाताला मोकळी लागेपर्यंत, बहुधा दीड-दोन दिवस. त्याहून जास्त पाण्याचा ताण नको. केळीची मुळं उथळ, बहुतेक वरच्या दीड फुटात; या उन्हात जास्त ताणलं तर घड सटकायला (दांड्यातून मोडून पडायला) लागतील. नंतर रोज ३ तास, दोन हप्त्यांत: पहाटे दीड, संध्याकाळी दीड. वीज रात्रीची मिळत असेल तर ती शिवी न घालता वापरा, पहाटेआधीचं पाणी केळीला उत्तमच.

आणि एकदा ड्रिपरखाली डबा धरून १५ मिनिटं मोजा. १ लिटर भरला पाहिजे. लाइनीच्या शेवटी अर्धाच भरत असेल तर आधी लॅटरल (ड्रिपर बसवलेली नळी) धुवा. तास वाढवले की सुरुवातीची झाडं बुडतात.

कमळ: केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) मारावं का? ८ टक्के म्हणतात.

पानशिर: ८० ग्रॅम प्रति लिटर, सोबत स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य). फक्त पानाच्या वरच्या बाजूला, सकाळी. ऊन परतवणं एवढंच त्याचं काम. फडक्यातून गाळा आणि पंप हलवत राहा, नाहीतर नोझल बसतो. निसवलेल्या (बाहेर पडलेल्या) घडावर उडू देऊ नका.

वाऱ्याने फाटलेल्या पानांची काळजी सोडा. पट्ट्या दोन इंचांपेक्षा रुंद असतील तर पान काम करत राहतं, चिंध्या झाल्या तरच नुकसान. वारा अडवायला पश्चिमेला शेवरीची झाडं किंवा हिरवी नेट. हिरवी पानं साफसफाईच्या नावाखाली कापू नका, घडाच्या दांड्यावर सावली त्यांचीच असते. वाळलेली पानं मात्र कापून सरीत अंथरा. खोडाला चिकटवून नको, वीतभर मोकळं ठेवा.