शुक्रवारी रात्री पाऊस, शनिवारी निघायचंय: कच्च्या वाटेची बाईक-कॅम्पिंग ट्रिप कशी बसवावी?

खडीवाट

या शनिवार-रविवारी दोन गाड्या, दोन माणसं आणि एक रात्र तंबूत असा बेत आहे. दोन्ही गाड्या २०० सीसीच्या, आऱ्यांची चाकं पुढे २१ आणि मागे १८ इंची, टायर ट्यूबचे, निम्मे रस्त्याचे निम्मे मातीचे. सामान प्रत्येकी साधारण १८ किलो.

मार्ग असा: ४० किमी डांबरी, पुढे ५५ किमी कच्चा. कच्च्यात पहिले २० किमी मुरूम, मग एक ओढा (कोरड्या दिवसांत पाणी घोट्याएवढं), ओढ्यापलीकडे ९ किमी काळ्या चिकणमातीचा पट्टा, आणि उरलेले २६ किमी झाडीतून चढत मुक्कामाच्या जागेपर्यंत. परतीची वाट तीच.

हवामानाचा अंदाज: शुक्रवारी रात्री २० ते २५ मिमी, शनिवारी दुपारनंतर विजांसह पावसाची शक्यता ६० टक्के, रविवारी उघडीप. रविवार कोरडा आहे म्हणून जावंसं वाटतंय. बेत पुढे ढकलावा, की थोडा बदलून जावं? टायरमधली हवा, ओढा आणि तंबू याबद्दलही सांगा.

पाणलोट

जा, पण हा मार्ग घेऊन नको. तुम्ही रविवारचं आकाश बघताय. वाट कशी असेल हे मात्र आदल्या तीन-चार दिवसांत किती पाऊस मुरला त्यावर ठरतं. शुक्रवारच्या २५ मिमीने मुरूम दबून उलट चांगला होईल, पण काळी माती शनिवारी सकाळी लोण्यासारखी असेल. वर शनिवारी दुपारी सर पडली, तर रविवारच्या उन्हात ती दुपारपर्यंतही सुकायची नाही, आणि तुम्हाला त्याआधी निघायचं आहे.

खरी अडचण क्रमाची आहे. ओढा आणि चिकणमाती या दोन्ही गोष्टी तुमच्या आणि घराच्या मध्ये येतात. शनिवारी सकाळी कसेबसे पलीकडे गेलात तरी रविवारी दोन्ही जास्त वाईट अवस्थेत भेटतील, आणि तेव्हा परतायला दुसरी वाट नसेल. म्हणून मुक्काम ओढ्याच्या अलीकडे, मुरमाच्या पट्ट्यात करा. गाडी फिरवायची हौस असेल तर शनिवारी सकाळी सामान उतरवून, रिकाम्या गाडीने ओढ्यापर्यंत जाऊन या.

शक्यता ६० टक्के याचा अर्थ ६० टक्के वेळ पाऊस असा नाही, आणि किती पडेल हेही त्यातून कळत नाही. त्या भागातल्या एखाद्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडण्याची ती शक्यता आहे. म्हणून तासातासाचा अंदाज आणि मिमीचा आकडा बघा, आणि निघायच्या सकाळी रडार बघा. तेही फक्त मुक्कामाच्या जागेचं नको, ओढ्याच्या उगमाकडच्या डोंगराचंही. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १ चौरस किमीवर २५ मिमी पडला तर अडीच कोटी लिटर. त्यातलं बरंचसं मुरतं, पण जमीन आधीच भिजलेली असेल तर बरंचसं ओढ्यात येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा चढू शकतो तो यामुळेच.

मातीची परीक्षा उतरून करा. चिमूटभर ओली माती तळव्यांमध्ये वळून बघा. काडेपेटीतल्या काडीइतकी बारीक वळी न तुटता झाली तर ती चिकण आहे आणि मडगार्डमध्ये भरणार. वळी मोडून भुगा झाला तर वाळू-मुरमाचं प्रमाण जास्त, तिथून गाडी निघते. दुसरी परीक्षा बुटाच्या टाचेची. टाच ५ सेंमीपेक्षा खोल गेली आणि वर येताना पाय जड झाला, तर तिथूनच मागे वळा. गाडी काढता आली तरी तुमच्या चाकांच्या चाऱ्या त्या वाटेवर पुढचे कित्येक महिने राहतात आणि पुढच्या पावसात त्याच चाऱ्यांतून पाणी वाहून वाट फुटते.

ओढ्याबद्दल: आधी चालत ओलांडून बघा, हातात काठी घेऊन. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे तुमच्या गाडीला ३० ते ३५ सेंमी, यापेक्षा खोल नको. वेग बघायला १० मीटर अंतर पावलांनी मोजा आणि वर एक काटकी टाका. काटकी तुमच्या भरभर चालण्याच्या पुढे गेली तर ओलांडू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, दुप्पट नाही. उथळ जागा शोधायची तर पाणी रुंद पसरून खळखळत असेल तिथे शोधा. गुळगुळीत, शांत दिसणारं पाणी बहुधा खोल असतं. तळ दिसत नसेल इतकं गढूळ असेल, काटक्या-पानं वाहून येत असतील किंवा आवाज बदलला असेल, तर पाणी चढतंय. काठावर पाण्याच्या रेषेत एक काठी रोवून १५ मिनिटं थांबा. काठी पाण्यात गेली तर विषय संपला.

ढिलीचेन

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी गाडीपुरतं सांगतो.

आधी पुढचं मडगार्ड बघा. टायरला चिकटून बसणारं मडगार्ड असेल तर चिकणमातीत २०० मीटरसुद्धा जाणार नाही. माती टायर आणि मडगार्डमध्ये ठासून भरते आणि चाक जाम होतं. कमी वेगात नुसती गाडी पडते, उतारावर तुम्ही हँडलवरून पुढे जाल. मडगार्ड वर उचलता येत असेल तर उचला, नाहीतर काढून घरी ठेवा. पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) कव्हरमध्येही हेच होतं. तिथे माती भरली की चेन ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर किंवा लाकडी खुंटी हाताशी ठेवा आणि थांबाल तेव्हा उकरून काढा.

हवा: चिखलात पुढे १८, मागे २० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). खडकाळ भाग असेल तर दोन्हीत २ वाढवा, डांबरावर मॅन्युअलप्रमाणे. म्हणजे पंप आणि गेज दोन्ही बरोबर हवेत.

चेनचा ढिलेपणा सामान लादून, कुणालातरी गाडीवर बसवून तपासा. सामानाने गाडी दबते आणि मागचा हात (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) हलतो तशी चेन ताणली जाते, आणि पुढचं स्प्रॉकेट, मागच्या हाताचा पिव्होट (तो जिथे फ्रेमला जोडलेला असतो तो बिंदू) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की सर्वात जास्त ताण असतो. गाडी रिकामी असताना नेमकी बसवलेली चेन खड्ड्यात तुटायला येते.

ब्रेक पॅड ३ मिमीच्या खाली गेले असतील तर निघायच्या आधी बदला. पाण्यात कालवलेली वाळू पॉलिश पेपरचं काम करते, आणि ऑरगॅनिक पॅड दोन ओल्या दिवसांत संपूही शकतात. सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड जास्त टिकतात.

पेट्रोलचा हिशेब करताना चिखलाच्या भागात चौथाई जास्त धरा. क्लच आणि दुसरा गिअर यावरच दिवस जातो.

मागचंचाक

हवेबद्दल थोडं वेगळं मत. चिखलात १८-२० पेक्षा १२-१४ पीएसआयला पकड खूप जास्त मिळते. रुतण्यापेक्षा ते बरं.

ढिलीचेन

@मागचंचाक, रिकाम्या गाडीला आणि रिम लॉक (टायर रिमवर घट्ट पकडून ठेवणारा क्लॅम्प) असलेल्या चाकाला बरोबर आहे. इथे १८ किलो सामान आहे, ट्यूब आहे, आणि चिखलाखाली दगड दिसत नाही. १४ ला दगड बसला की टायर रिमवर दाबला जातो आणि ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. दुसरं, रिम लॉक नसेल तर जोर लावताना टायर रिमवर फिरतो, ट्यूबलाही ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. त्याला पॅच लागत नाही.

हे आधीच कळावं म्हणून व्हॉल्व्हचा बाहेरचा नट रिमवर घट्ट करू नका, वर टोपीपर्यंत फिरवून ठेवा. ट्यूब सरकली की व्हॉल्व्ह तिरका दिसतो. दर थांब्याला एक नजर टाका, तिरका दिसला तर हवा सोडून टायर मागे फिरवून घ्या.

पावसात पॅच लावणं अवघड, सोल्यूशन ओल्या रबरावर धरत नाही. म्हणून पॅचच्या भरवशावर जाऊ नका, ट्यूबच न्या. एकच नेता येत असेल तर २१ इंची न्या. ती १८ मध्ये घडी पडून का होईना बसते आणि घरी आणते, उलट जमत नाही.

तंबूची_दोरी

मुक्कामाचं सांगते. सगळ्यात आधी वेळ: सूर्यास्ताच्या दोन तास आधी चाकं थांबली पाहिजेत. कोरड्यात ताशी ३० चा वेग धरत असाल तर ओल्यात १५ ते २० धरा आणि त्यावरून अंतर काढा. अंधारात, पावसात निवडलेली जागा चुकते.

ओढ्याच्या काठावर नको, कोरड्या नाल्यात तर अजिबात नको. पाण्याच्या रेषेपासून किमान ३ ते ४ मीटर उंच जा. अंतर कितीही असू द्या, उंची महत्त्वाची. खोलगट जागी गवत हिरवंगार आणि मऊ असतं, ते आकर्षक दिसतं, पण पाणी तिथेच जमतं. किंचित उतार, मुरमाड जमीन, डोकं चढाकडे. वर बघा: वाळकी फांदी ओली झाली की जड होते आणि वारा नसतानाही पडते. एकटं उंच झाड आणि कड्याची धार विजेसाठी वाईट. वीज चमकल्यावर गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर ती १० किमीच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं उघड्यावर गाडी चालवू नका.

तंबूखाली अंथरायचा कापड बाहेरच्या कापडाच्या आतच राहिला पाहिजे. चार बोटं जरी बाहेर दिसला तरी छतावरून उतरलेलं पाणी तो झेलतो आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडतो. तंबू गळतो असं ज्याला म्हणतात, ते बऱ्याचदा हे असतं. नाहीतर आतल्या श्वासाची वाफ असते, ती खिडक्या उघड्या ठेवूनच जाते. नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं, झोपायच्या आधी दोऱ्या पुन्हा ताणा.

३ बाय ३ मीटरची ताडपत्री जरूर न्या. पोचल्यावर आधी ती बांधा, मग तिच्याखाली सामान सोडा, मग तंबू. एक कोपरा मुद्दाम खाली ठेवा, म्हणजे पाणी एकाच बाजूने पडेल, मध्ये पोट धरणार नाही. स्टोव्ह ताडपत्रीखाली, चारी बाजू उघड्या ठेवून. तंबूच्या आत कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भरताना ताडपत्री सगळ्यात वर, झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग सगळ्यात आत, त्यांची स्वतंत्र ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी). तोंडाला किमान तीन पूर्ण घड्या, त्याआधी हवा काढून. जड वस्तू खाली आणि पुढे. मागच्या एक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चिखलात वळत नाही. पट्ट्या पहिल्या १० किमीनंतर एकदा ओढा आणि सुटी टोकं खोचा, ती चाकात जातात.

झोपायचा कोरडा जोड गाडीवर घालायचा नाही, सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच घाला. सुती काही नको. थंडी वाजून बोटं वळेनात, बटण लावता येईना, बोलणं अडखळायला लागलं, तर तिथेच थांबून कोरडं करायचं. पुढच्या गावापर्यंत ओढत न्यायचं नाही.

गाडीचं साइड स्टँड रात्रीत मऊ जमिनीत रुततं. हाताच्या पंजाएवढी पत्र्याची किंवा लाकडाची चकती खाली घाला आणि गाडी तंबूपासून निदान दोन गाड्यांच्या लांबीवर उभी करा, तोंड बाहेरच्या वाटेकडे.

खडीवाट

मनापासून आभार. बदललेला बेत: मुक्काम ओढ्याच्या अलीकडे मुरमाच्या टेकाडावर, शनिवारी दुपारी १ पर्यंत पोचायचं, ओढा आणि काळी माती या वेळी सोडून द्यायची. पुढच्या खेपेसाठी एक विचारून ठेवतो. ओढ्यात गाडी पडली आणि इंजिनात पाणी गेलं तर नेमकं काय करायचं?

ढिलीचेन

पडता पडताच किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दाबा. सायलेन्सरमध्ये पाणी गेलं तर फार बिघडत नाही, एअर फिल्टरमधून गेलं तर बिघडतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना ते सिलिंडरमध्ये असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून गाडी बाहेर काढल्यावर पहिला नियम: स्टार्टर नाही, किक नाही, धक्का मारूनही नाही.

गाडी ढकलत बाहेर आणताना तुम्ही प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहा. खालच्या बाजूला असाल तर पाणी गाडी तुमच्या अंगावर ढकलेल.

मग एअर बॉक्सचं झाकण काढा. फिल्टर कोरडा असेल तर बहुतेक वाचलात. ओला असेल तर फोमचा फिल्टर पिळून घ्या, कागदाचा असेल तर बदला, आणि बॉक्समधलं पाणी खालच्या नळीतून सोडा. स्पार्क प्लग काढा. प्लगचं भोक मोकळं ठेवून, किल स्विच इंजिन बंदच्याच स्थितीत ठेवून, किक मारा. किक नसेल तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. भोकातून पाण्याची पिचकारी येईल, समोर तोंड ठेवू नका. नुसती वाफ येईपर्यंत करा. कार्बोरेटर असेल तर बाऊलचा (त्याच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा) स्क्रू ढिला करून तळाचं पाणी सोडा. गाडीचं पुढचं चाक वर उचलून मागे उभी धरली की सायलेन्सर रिकामा होतो.

प्लग लावायच्या आधी ऑइलच्या काचेत (इंजिनच्या बाजूला ऑइल दिसतं त्या खिडकीत) बघा. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर चालू करू नका, आधी ऑइल बदला. स्वच्छ असेल तर प्लग पुसून लावा आणि चालू करा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत पुन्हा काचेत बघा, कारण पाणी तळाशी बसलं असेल तर फिरल्यावरच दिसतं. यासाठी प्लगचा पाना, एक सुटा प्लग आणि झिपच्या पिशवीत तेल लावलेला एक फिल्टर, एवढं सीटखाली कायम असू द्या.

पाणलोट

@खडीवाट, टेकाड चालेल, पण त्याच्या अगदी माथ्यावर नको, विजेचा अंदाज आहे. माथ्यापासून थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाला. आणि मुरमाच्या २० किमीत रस्त्यावरून पाणी वाहणाऱ्या लहान मोऱ्या किती आहेत ते जाताना मोजा, प्रत्येकीचा फोटो काढा. रविवारी परतताना त्याच मोरीवर पाणी किती चढलंय हे त्या फोटोवरून कळेल.